टॅबलेटचं नेट मीच घालवलं

बयो,

आत तुझं फोनवर बोलणं चाललंय. नवऱ्याच्या जाचाने घर सोडून आलेली कुणी बाई तुझ्याकडे मदत मागत असेल, म्हणून दार वाजवलं नाही. मी दुकानात निघालो.

टॅबलेटचं नेट गेलंय, ते मीच घालवलं. सामना अडखळत होता म्हणून तुझं ते घराचा ठावठिकाणा लपवणारं व्हीपीएन बंद केलं. वाटलं, आता सुसाट चालेल. तर नेटच ठप्प! तुझ्या नावाने भरपूर बोटं मोडली. मग डोक्यात प्रकाश पडला. व्हीपीएन बंद पडलं तर घरातलं काहीच बाहेर जाऊ नये, असं तू मुद्दाम करून ठेवलंयस. मोडलं तरी उघडणार नाही असं कुलूप बनवायला मला दहा वर्षं लागली होती, बाई.

गेल्या महिन्यात त्या बायकांपैकी एकीचा नवरा तुझा माग काढत फाटकाशी येऊन उभा राहिला, तेव्हा मी नवी कडी ठोकून मोकळा झालो. तू मात्र घरातलं एकेक यंत्र घेऊन बसलीस, माझ्या टीव्हीसकट, आणि प्रत्येकावर व्हीपीएन मुद्दाम बंद पाडून पाहिलंस. कुलूप लावलं की बाहेर जाऊन ओढून बघा, असं दुकानात पोरांना सांगून माझा घसा बसला. तुला तर मी कामाच्या बाकड्यापाशी कधी फिरकूही दिलं नाही.

टॅबलेट सवडीने बघ. दुकानाची दुसरी किल्ली तुझ्यासाठी घड्याळाखाली ठेवलीय. दादाने तीनदा मागितली होती, त्याला दिली नाही.

बाबा