नथ्थूदादाची घुंगरं

वच्छलावहिनी,

डाकेचा साहेब खोटं बोलला. नथ्थूदादा डाक टाकून पसार झाला, असं दिवाळीपासून त्यानं साऱ्या गावाले सांगितलं. आज पहाटे शर्यतीच्या सरावाले मी आलापल्लीच्या रस्त्यानं धावत होतो. डाक नेताना दादाच्या हाती असायचा त्या भाल्याची घुंगरं रोज माझ्या मागं वाजतात, मी थांबलो की थांबतात. आज थांबलो तरी वाजत राहिली. आवाजामागं बांबूत शिरलो. भाला तिथंच पडला होता. डाकेच्या थैल्यावरची लाखही फुटली नव्हती.

बाबूभाईची बैलगाडी घेऊन दादाले आणायले जातो. वाघानं ठेवला तेवढा.

तू चंदाच्या घरी लग्नाची हळद कुटायले गेली होती. तिथं बायकांत सांगण्यापरीस ही चिठ्ठी ठेवून जातो. आता हळदीले जाऊ नको, उद्याच्या लग्नालेही नाई. चूल पेटवू नको. त्या बायका तुले टाकलेली म्हणतात. तुले कोणी टाकलं नव्हतं.

उद्या शर्यतीले तोच साहेब निशाण घेऊन उभा राहील. सुतकात धावतो म्हणून गाव बोलेल, बोलू दे. मी दादाचा भाला घेऊन धावीन, थैला साहेबाच्या पायाशी ठेवीन अन् विचारीन: शोधायले एक माणूस काऊन नाई पाठवला? उत्तर द्या.

वारलू