स्पेनच्या चित्रातला पेरू

सर, आज ते चित्र पाहिलं. खरं चित्र, रंगांतलं, हातभर अंतरावरून. लेकीकडे परदेशात आलेय, तिनं सहज एका संग्रहालयात नेलं, आणि एका दालनात शिरले तर समोर तेच. दगडी खिडकीची चौकट, मागे काळाकुट्ट अंधार, दोऱ्याला टांगलेला कोबी, त्याच्याही वर ते फळ, खाली कापलेलं खरबूज आणि काकडी. मी इतक्या मोठ्यानं "सर" म्हणाले की पहारेकरी जवळ आला. लेकीला वाटलं, आईला काही होतंय.

तुमच्याकडे त्याचं एकच काळंपांढरं पान होतं, सुरतेच्या रद्दीत सापडलेलं. छप्पन्न-सत्तावन्न साल असेल. मी आठवीत, तुम्ही आमच्या नंदुरबारच्या शाळेत ड्रॉइंगचे सर. पान फळ्यावर टाचून तुम्ही सांगताय, हा माणूस साडेतीनशे वर्षांपूर्वी स्पेनमध्ये होऊन गेला, भाजी रंगवायचा, आणि तीही देवाची मूर्ती रंगवावी तशी. वर्ग खिदळतोय. मागून एक मुलगी म्हणते, "सर, हाऊ ते आपला तापीना खरबूज शे." तुम्ही असे खूश झालात की दुसऱ्याच दिवशी शिंप्याकडून दोरा आणून वर्गाच्या खिडकीत कोबी आणि पेरू टांगलेत. ते वरचं फळ पेरूच, याबद्दल तुम्हाला काडीचीही शंका नव्हती. आमचा पेरू तीनदा बदलावा लागला, कारण मधल्या सुट्टीत तो कुणाच्या तरी पोटात जायचा.

मी कागदाच्या रिकाम्या काळ्या भागात आईचा तांब्या काढला, तर तुम्ही केवढे चिडलात. "रिकामं दिसलं की भरायलाच हवं का? त्यानं अर्धं चित्र अंधाराला दिलंय, ती छाती हवी." मी रडले, आणि लगेच तुम्ही त्याची गोष्ट सांगायला बसलात. चाळिशीत चांगली चाललेली चित्रशाळा बंद करून तो मठात गेला. तिथे त्यानं भिंतीवर क्रूस रंगवला, तर पाखरं त्यावर बसायला येत म्हणे. मी रडायचं विसरून गेले. फळाचा रंग मात्र तुम्ही कधीच सांगितला नाहीत. विचारलं की म्हणायचात, "माले माहीत नही, मंग खोटं कसाले सांगू?" आम्ही चाळीस जणींनी चाळीस रंग दिले, आणि तुम्ही प्रत्येक कागद त्या पानाशेजारी धरून बघत राहिलात. तुम्हाला तो रंग किती हवा होता, हे मला तेव्हाच कळलं.

पुढे तुम्ही अंथरुणाला खिळलात. मी धुळ्याहून भेटायला आले. तुमचा आवाज खोल गेला होता. "धुयाले ऱ्हास ना तू. त्या चित्राना रंग दखा का कोठे?" मी म्हणाले, हो सर, पुस्तकात पाहिला. हिरवा, आपल्या पेरूसारखा. तुम्ही उशीला टेकून उठून बसलात आणि काकूंना हाक मारलीत. "दख, पेरूच शे." त्या दिवशी तुम्ही वाटीभर खिचडी खाल्लीत म्हणे. आठवड्यानं तुम्ही गेलात. मी कसलंही पुस्तक पाहिलेलं नव्हतं.

सर, तो पेरू नाही. आपल्याकडे न होणारं एक आंबट फळ आहे, इथले लोक त्याचा मुरंबा करतात. आणि रंग, काय सांगू, पिवळा. हळदीचा, ओल्या हळदीचा पिवळा, आणि अंधारासमोर तो असा उजळलाय की मी तासभर तिथून हलले नाही. तुम्ही तर दिवसभर हलला नसतात. किती बरोबर होतात तुम्ही त्या अंधाराबद्दल.

तुमचा पत्ता असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं, सर. फारच राहवलं नसतं तर "पेरू नाही" आणि "पिवळा" हे शब्द खोडून मग पेटीत टाकलं असतं.