पुट्टम्मांचा पेंढा

९ एप्रिल
कॉस्टिक सोड्यात उकळून धुतलेल्या भाताच्या पेंढ्यातली साखर आज मोजली. पेंढ्याला घट्ट धरून ठेवणारं लिग्निन छान सुटलं, एन्झाइम आत शिरलं, साखर भरपूर आली. आता इथेनॉल सोपं. वर्षभर हेच जमत नव्हतं. सरांना दाखवायला धावले. आकडा पाहून छान म्हणाले. मग म्हणाले, "प्रकल्प बंद होतोय. सकाळीच वरून कळलं."

११ एप्रिल
वरुणा गावात आमच्यासाठी पेंढा राखून बसलेल्या पुट्टम्मांना कोण सांगणार? सर म्हणतात, फोन कर. फोनवर नाही जमणार. सुगीनंतर मीच गेले होते. पेंढा विकू नका, गुरांना घालू नका, सगळा आम्ही उचलतो, असं मीच सांगितलं. शेजारचा मागायला आला तर त्यालाही त्यांनी परत पाठवलं.
आई म्हणते, "तू थोडंच बंद केलंस? सुम्ने, उगाच मनाला लावून घेतेस."
सुम्ने नाही, आई.

१३ एप्रिल
वरुणा. मधल्या पावसात ताडपत्री उडाली, अर्धी गंजी काळी पडलीय. गाई तोंड लावत नाहीत. चारा पुरेना म्हणून एक गाय बहिणीकडे पाठवलीय. हे सगळं त्यांनी कॉफी देता देता सांगितलं, मी माझं सांगायच्या आधी.
मग मी सांगितलं.
"होगली बिडी," म्हणाल्या. जाऊ द्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
निघताना विचारलं, "हा काळा तुमच्या यंत्राला चालेल का?"
माहीत नाही म्हटलं. खरंच माहीत नाही. एक गोणी घेऊन आले. बसमध्ये कुबट वास, कंडक्टरची कुरकुर.

१५ एप्रिल
काळा पेंढा कापून कॉस्टिकमध्ये घातला. बुरशीनं साखरच खाल्ली असेल. किंवा लिग्निन आधीच सैल केलं असेल. दोन्ही होऊ शकतं. सर दारातूनच बघून गेले. नंतर कळलं, लॅबची वीज सोमवारपर्यंत राहू द्या म्हणून त्यांनी ऑफिसला सांगितलंय.

१८ एप्रिल
धुऊन एन्झाइम घातलं. सोमवारी सकाळी साखर मोजायची, दुपारी किल्ली द्यायची. चांगली आली तरी दाखवणार कुणाला...
संध्याकाळी पुट्टम्मांचा फोन. "फेकू की ठेवू?"
सोमवारी सांगते, म्हटलं. बरं म्हणाल्या. फोन मात्र ठेवला नाही. मीही नाही.