ग्रुपवर विचारलेला डॉक्टर

मंगळवार, संध्याकाळ

सुनेला अक्कल नाही ती नाहीच. पंधरा वर्षांच्या माझ्या नातीने धीर करून आईला सांगितलं, झोप येत नाही, जीव घाबरतो, डॉक्टरकडे ने. आणि हिने फॅमिली ग्रुपवर विचारलं, डोक्याचा डॉक्टर कोण चांगला? पोरगीपण त्याच ग्रुपात आहे, एवढं कळू नये?

शहाडवरून माझ्याच लेकीने लिहिलं, "वहिनी, नको गं. उद्या पोरीचं लग्न जमवताना हे निघेल."

नातीने वाचलं. आता म्हणते, "मला काही झालेलं नाही." वर हसून दाखवते.

मीपण तिला बोललेले, मोबाइल ठेव, झोप येईल. मग मला कशाला सांगेल?

उद्या तिला विचारते. हो म्हणाली तर माझे गुडघे दाखवायला चाललो सांगून मानपाड्याच्या डोक्याच्या डॉक्टरकडे नेते. माझ्या गुडघ्यांबद्दल लिहा म्हणावं ग्रुपवर काय लिहायचं ते.