ग्रिल बदलण्याच्या अधिकाराबाबत

मी, यज्ञेश्वर शंकर रेडेकर, वय वर्षे ६९, धंदा हॉटेल, मूळचा आजऱ्याचा, हल्ली राहणार राजारामपुरी, कोल्हापूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवत आहे. कोणी धमकावून, रडून किंवा गोड बोलून ते लिहून घेतलेले नाही. गोड बोलणारे दोघे-तिघे येऊन गेले, त्यांना चहा पाजून वाटेला लावले. मला रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. बाकी तब्येत ठणठणीत असून कान अजून तिखट आहेत.

कलम १. सन २०१९ मध्ये मी एक मृत्युपत्र करून नोंदवले होते. ते या लेखाने रद्द करतो. त्यात मी एक अट घातली होती, ती चुकीची होती. का चुकीची, ते कलम ५ मध्ये लिहिले आहे. वकीलसाहेब म्हणाले, "अण्णा, मृत्युपत्रात कारणं लिहायची नसतात." त्यांची नसतील, माझी आहेत.

कलम २. राजारामपुरीतील राहता फ्लॅट आणि बँकेत जे काही शिल्लक असेल ते सर्व माझी पत्नी सौ. मीनाक्षी हिचे. तिच्या पश्चात फ्लॅट मुलगा आणि मुलगी दोघांचा सारखा. तिने तो विकावा, भाड्याने द्यावा, नाहीतर त्यात भिशीच्या बायका जमवाव्यात. मी हयात असताना त्या बायकांच्या आवाजाबद्दल तक्रार केली, ती मागे घेतो.

कलम ३. आजऱ्याची जमीन आणि तिच्यातली काजूची झाडे मुलगा वरद याची. तो कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत ओतकामाच्या कारखान्यात साहेब आहे. त्याने वर्षातून दोनदा तरी बूट काढून त्या जमिनीत चालावे.

कलम ४. दुकानाचा गाळा कोणाला, ते सांगण्याआधी तो कसा झाला ते नोंदवतो. मी उद्यमनगरात वेल्डिंग करत होतो. सन १९८८ मध्ये स्वतःच्या हाताने एक गॅस ग्रिल बनवला. चार बर्नर बिडाचे, वरच्या जाळ्या बिडाच्या, अंग जाड पत्र्याचे. त्या वेळी इथे सगळे कोळशावर भाजत. वरदच्या बारशात माझे मेहुणे दत्तप्रसाद यांनी भर पंगतीत सांगितले, "पावणं, कोळशाबिगर कोंबडी? तुमचं कुत्रंबी खायाचं न्हाय ती." तेव्हापासून आजपर्यंत ते दर रविवारी पहिल्या टेबलावर बसून खात आहेत. माझ्या पश्चात त्यांना माझा कोळशाचा जुना चिमटा द्यावा. दुसरे काही देऊ नये. रविवारची प्लेट मात्र चालू ठेवावी, कारण माणूस पोटाने प्रामाणिक आहे.

धंदा वाढला तो माझ्या कानामुळे. गल्ल्यावर बसून मला पाच नंबरच्या टेबलावरची कुजबुज ऐकू येते. "जरा खारट हाय का गं?" एवढे नवऱ्याने बायकोला विचारले, की त्यांनी तक्रार करायच्या आत दुसरी प्लेट टेबलावर. लोक म्हणत, अण्णा मनातलं ओळखतात. मी फक्त ऐकत होतो.

कलम ५. जुन्या ग्रिलला काडी लावावी लागते. ज्योत विझली तरी गॅस येतच राहतो. विझली हे कळायला एकच यंत्र होते, माझा कान. बर्नर नीट पेटला की एकसारखी भरभर ऐकू येते. भोक तुंबले की आवाज फाटतो. ग्रिलकडे पाठ करूनही मी सांगत असे, "अंतरा, तिसरा बर्नर घासून घे."

अंतरा ही माझी मुलगी. गेली चौदा वर्षे ग्रिलसमोर तीच उभी असते. ती नवा ग्रिल मागत होती. त्यात ज्योत विझली की गॅस आपोआप बंद होतो.

मी म्हटले, "माझा कान हाय की."

ती म्हणाली, "कान तुमचा हाय अण्णा. समोर मी उभी असते."

मी सरळ वकिलाकडे गेलो आणि २०१९ च्या कागदात घातले, की जो जुना ग्रिल चालू ठेवील त्याचेच दुकान. ते घरात सर्वांना वाचून दाखवले. वरद दर आठवड्याला फोनवर म्हणू लागला, "अण्णा, जुना ग्रिल म्हणजे आपली शान हाय." त्याने तो आयुष्यात एकदाही पेटवलेला नाही. अंतराने नव्या ग्रिलचे नाव काढायचे सोडले. मला वाटले, पोरीला पटले.

सन २०२४ ची खंडेनवमी. ग्रिलची पूजा दरवर्षी मीच करतो, पुढच्या पत्र्याला बोट लावून. त्या वर्षी उत्साह फार. मी जाळ्या उचलल्या आणि चारी बर्नरवर ओल्या हळदीकुंकवाचे पट्टे ओढले. वर झेंडूच्या माळा. दसऱ्याला दुकान बंद. दुसऱ्या दिवशी रविवार, नवरात्राचे उपास सुटलेले, दारात रांग. माळा काढल्या, पण कुंकू भोकांत वाळून बसले होते आणि खाली पाकळ्या पडल्या होत्या.

तिसरा बर्नर अर्धवट पेटला आणि विझला. त्या वेळी तीन नंबरच्या टेबलावर दोन घरांची सोयरीक चालली होती आणि मुलीकडचे होकार देतात की नाही, हे मला ऐकायचे होते. माझा कान तिकडे होता. खालच्या ट्रेमध्ये गॅस साठला. अंतरा कोंबडी उलटायला वाकली आणि जाळाचा भपका उठला. तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला, भुवया गेल्या. सिलिंडर बंद केला तो आमच्या मसाला वाटणाऱ्या बाळाबाईंनी. मी गल्ल्यावरून उठेपर्यंत सगळे होऊन गेले होते.

तिसऱ्या दिवशी आतल्या खोलीत सूनबाई वर्षाराणी मीनाक्षीला सांगत होती, "लोखंडाच्या नावानं दुकान लिहून ठेवलंय अण्णांनी. म्हणून ही पाच वर्षं गप बसली. बोलली असती तर दुकान गेलं असतं हिचं." ती हळू बोलत होती. मला ऐकू आले. वीस हजार गिऱ्हाइकांचे बोलणे ऐकले असेल मी, पण पोरीचे गप्प बसणे ऐकले नाही.

कलम ६. नवा ग्रिल गेल्या जानेवारीत आला. स्टीलचा, बटण दाबले की पेटतो. मी म्हटले, आधी परीक्षा. एकाच मसाल्यातली कोंबडी दोन्हींवर भाजली. जुना ग्रिल वरदने घासून, फुंकून, प्रत्येक भोक तारेने मोकळे करून दिला होता. मीनाक्षीने प्लेटा झाकून आणल्या. पहिल्या घासालाच नवी कोंबडी ओळखू आली, कोरडी आणि फिकी. मला आनंद झाला, खोटे कशाला लिहू. अंतराचा चेहरा उतरला.

बाळाबाई म्हणाल्या, "मसाला माझा हाय. कोरडी झाली तर त्यो तुमच्या भांड्याचा दोष."

वरदने नव्या ग्रिलची जाळी हातावर तोलली. "अण्णा, ही हलकी हाय. कोंबडी ठेवली की गार पडतीया. आपल्या बिडाच्या जाळ्या हिच्यावर टाकून बघू." जाळ्या दोन बोटे मोठ्या निघाल्या. त्याने त्या कागलला नेल्या, कापून, घासून चौथ्या दिवशी परत आणल्या. इतक्या वर्षांत दुकानासाठी त्याने केलेले हे पहिले काम. शान-बिन काही बोलला नाही, हात काळे करून आला.

पुन्हा झाकलेल्या प्लेटा. जुन्या ग्रिलवर त्या दिवसापुरत्या नव्या ग्रिलच्या हलक्या जाळ्या, खाली सळ्या टाकून, ठेवल्या होत्या. मी ठामपणे एका प्लेटवर बोट ठेवले, "ही आपल्या जुन्यावरची."

अंतरा हसली. "नव्यावरची हाय, अण्णा."

सदतीस वर्षे ज्याला मी माझ्या बर्नरची चव म्हणत होतो, ती जाळ्यांच्या वजनात होती. तेव्हापासून दुकान नव्या ग्रिलवर आणि जुन्या जाळ्यांवर चालू आहे. गिऱ्हाईक एकही घटलेले नाही. दत्तप्रसादांना तर बदल अजून कळलेला नाही.

कलम ७. खंडेनवमीची पूजा मोडू नये. ती पुढच्या पत्र्यावर करावी. बर्नरला पाण्याखेरीज काहीही लावू नये, देवाच्या नावानेसुद्धा.

कलम ८. जुन्या ग्रिलचे अंग वरदने मागितले आहे, त्याला द्यावे. अट एकच, त्याला गॅस पुन्हा कधी जोडू नये. बाळाबाईंना दुकानात मान आणि बसायला पंख्याखालची खुर्ची, त्यांना वाटेल तोवर. या मृत्युपत्राची अंमलबजावणी सूनबाई वर्षाराणी हिने करावी. घरात खरे बोलणारी तीच निघाली. फक्त तिने यापुढे आतल्या खोलीत न बोलता बाहेर बोलावे.

कलम ९. दुकानाचा गाळा, नवा ग्रिल, बिडाच्या जाळ्या, परवाने आणि नाव, हे सर्व माझी मुलगी अंतरा हिचे. कोणत्याही अटीविना. वरदला हे मी समोर बसवून सांगितले. तो म्हणाला, "असंच पायजे हुतं, अण्णा. मला कुटं येतंय ते?" ही त्याची संमती मी माझ्या कानाने ऐकली आहे.

अंतरा, आता हे तुला. आज ज्याला आपण नवा म्हणतो तो दहा-पंधरा वर्षांत जुना होईल. कोणीतरी येईल आणि म्हणेल, याहून चांगला निघालाय. कदाचित गॅसवर नसेलही, विजेवर असेल, नाहीतर अजून आपल्याला ठाऊक नसलेल्या कशावर. तेव्हा माझ्या फोटोकडे बघायचे नाही. आईला, वरदला, गिऱ्हाइकाला, कोणालाही विचारायचे नाही. समोर उभी तू असतेस. चांगला वाटला तर घे. जाळ्या त्यावर बसत नसतील तर त्याही दे सोडून. अण्णांनी असे केले असते का, असा प्रश्न या दुकानात कोणी काढला, तर त्याला हा कागद दाखव.

ठिकाण : कोल्हापूर
दिनांक : १८ डिसेंबर २०२५

लिहून ठेवणार :
(सही) यज्ञेश्वर शंकर रेडेकर

आमच्यासमोर त्यांनी वाचून सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमोर :

१. (सही) डॉ. धैर्यशील निंबाळकर, राजारामपुरी. लिहून ठेवणार शुद्धीवर असल्याचे तपासले आहे. अंतराचा हात यांनीच बरा केला.

२. (सही) ऋषभ चौगुले, शेजारचे कापड दुकानदार. हे मांसाहार करीत नाहीत, त्यामुळे ग्रिलच्या बाबतीत निःपक्षपाती आहेत.