मला न ओळखणारा फोन

३ नोव्हेंबर, सोमवार
आज इंदुताई आल्या. आकुर्डीहून रिक्षा करून, न कळवता, हातात आयफोन. माझ्या सुनेची, वासंतीची आई, म्हणजे माझी विहीण, म्हणून मी काही बोलत नाही. पण चप्पल काढता काढताच म्हणाल्या, बाळाला पाहिलंत का, वर्षालीने मला कालच फोटो पाठवले. आता वर्षाली जशी त्यांची नात तशी माझीही. कॅनडात बाळंत झाली, मुलगी झाली, मी पणजी झाले. नुसत्या आठवणीने हसू येतं. आणि माझ्या अँड्रॉइडवर तेच फोटो आज आले, तेही धुऊन विटल्यासारखे.
सदाला सांगितलं, मला आयफोन हवा. तो म्हणाला, आई, फोटो दोन्हींत तेच येतात, दोन कंपन्यांच्या भांडणात तू कशाला पडतेस. पुढे तर म्हणे बटणंच जाणार, नुसतं बघायचं, फोन ओळखून घेणार. पण मी मागे हटणारी नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार
फोन आला. जुना आळंदीच्या जाऊबाईंना देऊन टाकला.
ह्याला खालचं, मागे जायचं बटणच नाही. म्हणजे चुकलं की चुकलंच. छातीत धडधडलं. घाबरले नव्हते, ॲसिडिटी होती. सदा चाकणला कंपनीत, वासंती बँकेत. तेवढ्यात इंदुताई आल्या. म्हणाल्या, द्या इकडे, हा चेहऱ्याने उघडतो. फोन हातात धरून स्वतःची मान गोल गोल फिरवली, कसलेसे आकडे टाकले, झालं म्हणाल्या. मी शेजारी बसून पूर्ण लक्ष ठेवलं होतं.
सदाला सांगितलं, मीच चालू केला.

६ नोव्हेंबर, गुरुवार
उघडत नाही. चष्मा काढून चेहरा दाखवला, कवळी घालून दाखवला, ठसठशीत कुंकू लावून दाखवला. आकडे मागतो. वर्षालीचं काहीतरी आलंय एवढंच वर दिसतं, काय ते दाखवत नाही. पणती आत, मी बाहेर.
झोप झाली नाही, तोंड सुजलंय. उद्या ओळखेल.

८ नोव्हेंबर, शनिवार
चांगली झोपले. नाही ओळखलं. लग्नाचं साल टाकलं, फ्लॅटचा नंबर टाकला, तर थोड्या वेळाने या असं लिहून त्याने मला दारात उभं केलं. आमच्या सासूबाई शेवटी कोणाला ओळखेनात, पण त्यांना सगळे ओळखत होते. माझं हे उलटंच काय सुरू झालं. दोनदा आरशात जाऊन आले. मीच आहे. जरा ओघळलेय.
वासंती म्हणाली, आई, माझ्या फोनवर दाखवू का बाळ? म्हटलं, माझ्यात पाहिलं गं, पाहून पाहून डोळे दुखले. एवढा हट्ट करून फोन घेतला आणि सुनेच्या फोनात डोकावायचं? एक-दोन दिवसांचा प्रश्न आहे.

९ नोव्हेंबर, रविवार
वर्षालीचा वासंतीच्या फोनवर कॉल आला. बाळ आत झोपलं होतं. विचारते, आजी, फोटोत बाळाने काय घातलंय ते ओळखलंस ना? म्हटलं, हो तर, स्वेटर झकास आहे. वासंती माझ्याकडे बघत राहिली. फोन ठेवल्यावर हळूच म्हणाली, तुम्ही शिवून पाठवलेली कुंची होती ती, आई.
म्हटलं, ठाऊक आहे, स्वेटरच्या वर होती.
पिवळ्या खणाची कुंची. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी, सुईत दोरा ओवायला शेजारणीला बोलावून शिवलेली. आज आमटी करपवली. गॅसच मोठा होता.

११ नोव्हेंबर, मंगळवार
इंदुताई आल्या. वासंती बँकेतून यायची होती. म्हटलं, फोन बिघडलाय. त्यांनी भराभर आकडे टाकले. आकडे त्यांच्या बोटांना पाठ, तोंडाला नाहीत, विचारलं तर सांगता येईना. मग फोन बंद करून नुसता समोर धरला, उघडला. मी धरला, नाही. त्यांनी धरला, उघडला. म्हणाल्या, अगंबाई, मी माझंच तोंड घातलं की काय ह्यात. हसून हसून खोकला लागला त्यांना. म्हटलं, असू द्या, घरचंच माणूस.
म्हणजे मी आहे तीच आहे. तशी मला शंका नव्हतीच.
मग कुंची पाहिली. पिवळी कुंची, आत मुठीएवढं तोंड. मध्येच अंधार व्हायचा, मग मी फोन विहीणबाईंच्या तोंडासमोर नेऊन धरायची, आणि परत बघायची. नाक आमच्याकडचं आहे. त्या म्हणाल्या त्यांच्याकडचं. वाद घातला नाही, त्या उठून गेल्या असत्या.
खाली रिक्षावाला हॉर्न मारत होता. म्हणाल्या, पुढच्या खेपेला तुमचं तोंड घालून देते. म्हटलं, वासंतीला बोलू नका. हसल्या. म्हणजे बोलणार.
आत्ताच टिंग वाजलं. वर्षालीचं काहीतरी आलंय.
इंदुताई गुरुवारी येते म्हणाल्यात.