माझं उरलेलं भाषण ऐकून घेण्याबाबत

औंध, शनिवार

ती. सुलाआक्का, ती. दाजी, आणि ज्यांचं बोलणं घरात कुणी पुरतं ऐकून घेत नाही अशा माझ्या तमाम बंधुभगिनींनो,

(पत्र तुम्ही दोघंच वाचणार हे मला ठाऊक आहे, पण समोर निदान पन्नास माणसं बसली आहेत असं धरल्याशिवाय मला वाक्यच सुरू करता येत नाही.) साष्टांग नमस्कार. आक्का, तुझा गुडघा आता जिना चढू देत असेल. दाजींच्या उसाला तोड मिळाली असेल. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, पण मी खुशाल नाही. मी संतापलेला आहे. फोनवरच सांगणार होतो, परंतु तू दर वेळी ‘थांब रं, दूध उतू चाललंय’ म्हणून फोन ठेवतेस. एका म्हशीचं दूध दिवसातून सात वेळा उतू जातं हे माझ्या बुद्धीला पटत नाही. म्हणून हे पत्र. ते तरी चुलीपासून लांब बसून वाच.

ज्या लोकर संस्थेचा मी नऊ वर्षं सचिव आहे, तिथं दीड महिना काय चाललं होतं ते आधी ऐक. बिरदेव वाड्यावस्त्यांवर फिरून कातरलेली लोकर पोत्यांनी आणतो. तुझी बालमैत्रीण धोंडुबाई ती निवडते आणि तिच्या हाताखालच्या तीस बायका सूत काततात. पुण्याच्या एका कंपनीला चारशे घोंगड्या हव्या आहेत, त्याही बिनरंगाच्या, मुळातल्या काळ्या लोकरीच्या. काम मिळालं तर त्या तीस जणींना आठ महिने घरी बसावं लागणार नाही. आणि नेमक्या याच वेळी बिरदेवनं आणलेल्या तीन पोत्यांत काळ्यात करडी लोकर मिसळलेली निघाली. धोंडुबाईनं पोती दाराबाहेर टाकली. ‘डोळं हायत का नुसती भोकं?’ असं ती म्हणाली. ‘मग काय मेंढरं रंगवून आणू व्हय?’ असं तो म्हणाला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

पण एकाच शेडात काम, न बोलून चालतंय कसं? मग दोघं वजनकाट्याशी बोलू लागली. (मी शपथेवर सांगतो. शपथेचं पुढं येईलच.) धोंडुबाई म्हणायची, ‘काट्या, सांग त्यांला, पोतं वल्लं हाय.’ बिरदेव म्हणायचा, ‘काट्या, तिला म्हणावं, तुजं डोसकं वल्लं हाय.’ शेतकरी संघटनांपासून शिक्षकांच्या संपापर्यंत चाळीस वर्षं मी व्यासपीठं गाजवली, आणि माझ्या संस्थेत माझ्यापेक्षा जास्त बोलणं कुणाशी, तर एका लोखंडी काट्याशी! मला कुणी एका शब्दानं विचारलं नाही.

ही बातमी कंपनीच्या उत्कर्षा मॅडमपर्यंत गेली. वय असेल सत्तावीस. त्यांनी फोनवरून उपाय सांगितला: दोघांना समोरासमोर बसवा, प्रत्येकानं समोरच्याची तक्रार आपल्या तोंडानं सांगायची, दहा मिनिटांत वाद मिटतो. दहा मिनिटांत! आक्का, दहा मिनिटांत माझे व्यासपीठावरचे मान्यवर संपत नाहीत. मी म्हणालो, मॅडम, कलह हा मुळापासून समजून घ्यावा लागतो. आणि मंगळवारी शेडातच सभा लावली.

मी ग्रीक नगरराज्यांपासून सुरुवात केली. मालक आणि मजूर, उत्पादक आणि गिऱ्हाईक, हक्क आणि कर्तव्य, सगळं क्रमानं घेत होतो. फ्रेंच राज्यक्रांतीला पोचलो तेव्हा सव्वा तास झाला होता. तेवढ्यात मागच्या रांगेत धोंडुबाई कुजबुजलेली मी या कानांनी ऐकली: ‘आवं बिरदेव, ह्ये कवा संपायचं?’ आणि बिरदेव म्हणाला, ‘आजून गिरणी कामगार यायचं हायत, धोंडुबाई. मागल्या बारीला शेवटाला आलं हुतं.’ दीड महिन्यातले हे त्यांचे पहिले शब्द! त्यात काटा नव्हता. मग ती म्हणाली, तवर ती पोती तरी निवडू चला. दोघं उठली. त्यांच्यामागं एकेक करत तीस बायका उठल्या. मी गिरणी कामगारांपाशी आलो तेव्हा समोर रिकामी सतरंजी होती, आणि बाहेर उन्हात काळी लोकर एकीकडे, करडी एकीकडे, मध्ये हसणं-खिदळणं. बिरदेव म्हणत होता, पोती सावलीत भरली, रंग कळला नाही, माझी चूक झाली. धोंडुबाई म्हणत होती, मी बी तोंड लय सोडलं.

मला सांगा, समेट माझ्या सभेत झाला की नाही? मग श्रेय कुणाचं? मी संतापानं बिरोबाच्या फोटोपुढच्या ताटलीतला भंडारा उचलला आणि सगळ्यांदेखत शपथ घेतली: माझं उरलेलं भाषण हे दोघं पुरतं ऐकून घेत नाहीत, तोवर या शेडात पाऊल ठेवणार नाही! मला वाटलं, कुणी हात धरेल. धोंडुबाई नुसतं ‘बरं’ म्हणाली आणि पुन्हा लोकर निवडू लागली. आक्का, त्या ‘बरं’नं माझी झोप उडवली आहे.

आज चौथा दिवस. कुणी आलं नाही. मी ओसरीवरून शेडाकडे बघतो आहे. काम झकास चाललं आहे, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

तुझा धाकटा,
नानासो

ता. क. येत्या मंगळवारी उत्कर्षा मॅडम करारावर सह्या घ्यायला येत आहेत. सही सचिवाची, सगळ्यांसमोर, शेडात. मी आत गेलो नाही तर चारशे घोंगड्या दुसऱ्या गावाला जातील, आणि त्या तीस जणींनी माझं काय वाकडं केलं आहे? भंडारा उचललेला मोडणं आपल्या घरात झालेलं नाही, हे तू जाणतेस.

ता. क. २. आत्ताच धोंडुबाईचा निरोप आला. ऐकून घ्यायला दोघं तयार आहेत. अटी दोन: उभ्यानं ऐकणार, आणि पाच मिनिटं. पाच मिनिटांच्या वर गेलं तर अर्ध्यात उठणार, मग शपथ तशीच राहणार. मी काटछाट करून चार मिनिटांवर आणलं आहे. घड्याळ लावून तीनदा वाचून पाहिलं. तिन्ही वेळा बावीस मिनिटं झाली.

म्हणून आक्का, गुडघा कसाही असो, सोमवारी सकाळच्या एसटीनं ये. (टपालाचा भरवसा नाही, पत्र आजच्याच एसटीच्या कंडक्टरच्या हाती देतो आहे.) समेट घडवायला नव्हे, तो झालाय. मी खाली बसलो की भाषण पुरतं झालं आणि शपथ सुटली; म्हणून ओसरीवर माझ्या मागं उभी राहा, आणि पाचवं मिनिट भरायच्या आत माझा सदरा धरून मला खाली बसव.